सोमवारचं धुणं

घड्याळजीच्या घरात वार विचारावा लागत नसे, नुसता वास घेतला की पुरे. सोड्या-साबणाचा आला की सोमवार, तापल्या कापडाचा आला की मंगळवार. बुधवारी शिवणटिपण, गुरुवारी फरशा आणि जिना, शुक्रवारी बाजार, शनिवारी गाद्यांना ऊन आणि बुटांना पॉलिश, रविवारी पाहुणे. स्वयंपाकघराच्या दाराआड तसा तक्ताच चिकटवलेला होता.

"दुकानातली घड्याळं मागंपुढं होतील, आमचं घर नाही व्हायचं," घड्याळजी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा. या घराला रोज चावी कोण देतं, हा विचार मात्र त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता.

चावी देणारी होती त्याची बायको. ती उठायची, वार आठवायची आणि स्वतःला कामाला जुंपायची. राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. हिवाळ्यापासून तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. मन त्याच्याही आधी कधीतरी झालं असावं.

एका शुक्रवारी बाजारातून येताना ती डॉक्टरांकडे जाऊन आली. संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं, "महिनाभर गार पाण्यात हात घालायचा नाही म्हणाले. नाहीतर बोटांतली जाणीव कायमची जाईल."

घड्याळजीने घास गिळला. "मग सोमवारचं धुणं?"

माणूस काही वाईट नव्हता तो. व्यसन नाही, तोंडात शिवी नाही. पण सवयीपुढे भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

"बघते," ती म्हणाली. आणि सोमवारी धुणं झालं.

मंगळवारी ती त्याचा सदरा इस्त्री करत होती. शेजारी घड्या घालणारी लेक म्हणाली, "आई, काहीतरी जळतंय."

तिने सदरा उचलून पाहिला. सदरा ठीक होता. जळत होतं तिचं बोट, तापल्या इस्त्रीच्या कडेला टेकलेलं. आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता!

लेकीने आजीला बोलावलं. सासूबाईंनी बोटाला फडकं बांधलं आणि नातीला खालच्या दुकानात पाठवून मुलाला वर बोलावून घेतलं.

"हा तक्ता कोणी लिहिला, माहीत आहे का रे?"

"बाबांनी ना?"

"मी लिहिला. तेव्हा घरात आम्ही बायका किती होतो?"

घड्याळजी बोटांवर मोजायला लागला.

"तीन सुना आणि मी. एक भिजवायची, एक घासायची, एक पिळायची, मी वाळत घालायचे. तुझे भाऊ बिऱ्हाडं घेऊन गेले, माझे गुडघे गेले. काम मात्र एकही गेलं नाही. चौघींचा आठवडा ही एकटी ओढतेय, आणि तू गावभर सांगत फिरतोस."

"आई, ती कधी बोलली नाही."

"बोलली की, शुक्रवारी. तू तिला धुण्याचं विचारलंस. मीही खाली मान घालून जेवत राहिले. माझंही चुकलंच."

घड्याळजीने बायकोचा हात हातात घेतला. केसाएवढी स्प्रिंग नुसत्या बोटाने ओळखणारा कारागीर तो. त्याने तिच्या एकेका बोटाचं टोक दाबून पाहिलं.

"कळतंय?"

"नाही."

"आणि हे?"

"नाही हो."

त्याची मान खाली गेली. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

पुढच्या सोमवारी दुकान उशिरा उघडलं. बापलेकीने मिळून धुणं धुतलं. निळीचा हात सैल सुटला आणि पांढऱ्या चादरी आकाशी झाल्या. शेजारीण गॅलरीतून हसली. "हसा, हसा," घड्याळजी म्हणाला, "शिकतोय अजून." पाहुण्यांनाही त्याने स्वतः जाऊन महिनाभर येऊ नका म्हणून सांगितलं.

रविवारी घर शांत होतं. तो तिच्यासमोर येऊन बसला.

"आज काही काम नाही. तुला काय करावंसं वाटतंय?"

तिने बराच वेळ आठवून पाहिलं. लेक, सासूबाई, सगळेच थांबले होते.

"आठवत नाही," ती म्हणाली.

वाचकहो, तिची बोटं दोन महिन्यांत हळूहळू जागी झाली. त्या प्रश्नाचं उत्तर यायला मात्र त्याहून कितीतरी जास्त दिवस लागले. घराला शिस्त हवी, कोण नको म्हणतं? पण ती कोणाच्या हातांवर चालली आहे, हे आपापल्या घरात आजच विचारून बघा. तक्रार येईल तेव्हा बघू, असं म्हणू नका. बधिर झालेलं माणूस तक्रार करत नाही.