आईचं शेवटचं वाक्य

दादाच्या घरात भांडं पडलं की आवाजाच्या आधी बोध ऐकू येतो, असं धाकटी बहीण म्हणायची. ती हे चारचौघांत म्हणायची आणि उमेदवालेही चारचौघांबरोबर हसायचे.

'उमेदवाले' हे नाव त्यांना वाचकांनी दिलं होतं. त्याआधी ते पंख्यांच्या कारखान्यात गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत. पंखा कुरकुरतो, पंखा फिरत नाही, पंखा अंगावर पडला, सगळ्यांना एकच मऊ उत्तर. ती नोकरी गेली तेव्हा त्यांनी 'उमेद' नावाचा ब्लॉग काढला आणि तेच मऊ उत्तर सगळ्या जगाला द्यायला सुरुवात केली. नोकरी जाण्यावरचा लेख गाजला. पुढे लग्न मोडलं, त्यावर तर अख्खं पुस्तक झालं. बायको जाताना एवढंच म्हणाली होती, की आता निदान यावर काही लिहू नका. ते वाक्य पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होतं.

रोज सकाळी नवा लेख, हा त्यांचा नेम. रोज कुठलं सुचतंय, म्हणून ते फुरसतीत लिहून ठेवत आणि प्रत्येक लेखाला एक तारीख देऊन टाकत. त्या दिवशी लेख आपोआप लोकांपुढे जाई. आजारपण, अपघात, मित्राने दिलेला दगा, सगळ्यांवरचे लेख तयार असायचे. फक्त प्रसंग घडायचा राहिलेला असे.

आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा ती बेशुद्धच होती. डॉक्टरांनी भावाबहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, की दोन दिवस, फार तर तीन. बहीण आईच्या उशाशी बसली. उमेदवाले बाहेर बाकावर बसले, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि लिहू लागले. लिहिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पाणी खोटं नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या माणसाने त्यांना आपला रुमाल दिला.

लेख छान उतरला, पण शेवट जमेना. आईचे शेवटचे शब्द हवे होते. शुद्ध हरपण्याआधी आई म्हणाली होती, "माझ्या चपला कुठे ठेवल्यास?" त्याचं काय करायचं? उमेदवाल्यांनी थोडा विचार केला आणि आईच्या तोंडी घातलं: 'रडू नकोस. तू चालत राहा, मी तुझ्या चालण्यात असेन.' मग हिशेब करून शुक्रवारची तारीख दिली. गरज पडली तर बदलू, असं मनाशी म्हटलं.

गुरुवारी आईने डोळे उघडले आणि चहा मागितला.

बहीण रडली, उमेदवाले रडले, कित्येक वर्षांनी दोघांनी एकमेकांना मिठी मारली. चपला खाटेखालीच आहेत हे आईला दाखवून झालं. उमेदवाले घरी आले आणि लहान मुलासारखे गाढ झोपले. त्या एका दिवशी त्यांना ब्लॉगची आठवण झाली नाही. आयुष्यात एकदाच माणूस खरोखर आनंदात हरवला, आणि तेच अंगाशी आलं.

शुक्रवारी सकाळी मावशीने रडत रडत आईच्या फोनवर फोन केला. घरातलं कुणीतरी उचलेल अशी तिची समजूत. फोन आईनेच उचलला.

उमेदवाले धावतपळत पोचले तोवर आईने लेकीकडून सगळा लेख वाचून घेतला होता. बहीण भावाकडे बघतही नव्हती. आई उशीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, पण डोळे लख्ख.

"हे मी कधी म्हणाले रे?"

"नाही म्हणालीस."

"चांगलं आहे. मला काही सुचलं नसतं असं." मग म्हणाली, "पण काढून टाक. मी आहे अजून."

"आत्ता काढतो, आई."

आणि त्यांनी खरंच काढला. पण तोवर हजारोंनी तो वाचला होता, एकमेकांना पाठवला होता. सांत्वनाचे निरोप येतच राहिले. काय उत्तर द्यावं हे उमेदवाल्यांना कळेना, तेव्हा बोटांना जी सवय होती तेच त्यांनी लिहिलं: आपल्या शब्दांनी बळ मिळालं, मनापासून आभार. प्रकाशकाचा फोन आला. त्याला त्यांनी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, आई बऱ्या आहेत ही आनंदाचीच गोष्ट, पण लोकांना ती सांगायची एवढी घाई काय आहे? हा लेख नव्या पुस्तकात पहिला घेऊ.

आईने ब्लॉगवरून काढ म्हटलं होतं, पुस्तकाचं काही म्हटलं नव्हतं. अशी समजूत उमेदवाल्यांनी स्वतःची घातली, आणि दुसऱ्यांची समजूत घालणं हा तर त्यांचा धंदाच होता. पुस्तकाचं नाव ठरलं, 'तू चालत राहा'.

आई आता बहिणीकडे राहत होती. तिचे पाय आखडले होते, म्हणून रविवार सोडून रोज व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्या बाईंनी ते पुस्तक वाचलं होतं, पण त्याचा लेखक याच आजींचा मुलगा हे त्यांना ठाऊक नव्हतं. आईला हाताला धरून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवताना त्या सांगत, आजी, या लेखकाची आई मरताना काय म्हणाली माहीत आहे का? चालत राहा म्हणाली. आई पाऊल उचलत म्हणाली, "भली बाई असावी बिचारी." हे बहिणीने नंतर भावाला जसंच्या तसं सांगितलं. सांगताना हसली नाही.

त्या रविवारी उमेदवाले गेले तेव्हा पुस्तक आईच्या उशाशी होतं. आईने त्याचा विषयच काढला नाही. दूध नासलं, वरच्या मजल्यावरची मुलं धावतात, खिडकीची कडी सैल झाली आहे, एवढंच बोलली. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. पूर्वी ती लहानपणच्या गोष्टी सांगायची, त्यांच्या वडिलांच्या सांगायची, मध्येच रागवायची. आता त्यांच्यासमोर ती शब्द असे वापरायची, की एकही उचलून कुठे ठेवता येऊ नये.

उमेदवाल्यांना तिची एक शिवीसुद्धा चालली असती. ते लॅपटॉप घरी ठेवून येऊ लागले, फोनही बंद करून तिच्यासमोर ठेवू लागले. एकदा त्यांनी सगळं कबूल करणारा लेख लिहिला. वाचून बघितला तर खाली तीन ओळींचा बोध आपोआप आला होता. तो लेख त्यांनी पुसून टाकला. शेवटी एका रविवारी ते आईच्या पायाशी बसले.

"आई, चुकलो मी. रागव, मार, पण काहीतरी बोल ना माझ्याशी."

आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हात प्रेमाचाच होता, म्हणून तर जास्त लागलं.

"माझं बोलून झालंय रे," ती म्हणाली. "तूच छापलंयस."

दोन वर्षांनी, एका दुपारी, आई गेली. उमेदवाले पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. घरात बहीण, मावशी आणि व्यायामाच्या त्या बाई, एवढीच माणसं. त्या बाईंनी उमेदवाल्यांना पाहिलं, पुस्तकावरच्या फोटोवरून ओळखलं, मग खाटेकडे पाहिलं, आणि त्या आपली पर्स उचलून निघून गेल्या.

आईला पोचवून सगळे परत आले. उमेदवाल्यांचा फोन गप्प होता. कुणाला कळवायचं आणि काय म्हणून? सांत्वन करणाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वीच करून टाकलं होतं, त्यांनी त्याचे आभारही मानले होते. बहीण आईच्या खाटेवरची चादर काढत होती.

"शेवटी शुद्धीवर होती?" त्यांनी विचारलं.

"होती."

"काही म्हणाली?"

"म्हणाली."

 बहिणीने चादर झटकली.

"तुला नाही सांगणार, दादा."

आवाजात राग नव्हता. त्यांच्या तोंडून निघालं, "मी लिहिणार नाही गं. शपथ."

"नसशील लिहिणार," ती म्हणाली. "धर ते टोक."

उमेदवाल्यांनी चादरीची दोन टोकं धरली. एक घडी, दुसरी घडी, करत करत दोघं एकमेकांच्या समोर आली, आणि बहिणीने त्यांच्या हातातून ती टोकंही काढून घेतली.