मधलं गवत

पाणीकेंद्राच्या आवारात गवत कापायचं मशीन आलं त्याच दिवशी आत्याच्या हातातला विळा गेला आणि दाताळं आलं. मशीनने पुढे कापायचं आणि तिने मागून कापलेलं ओढून ढीग लावायचे. सव्वीस वर्षं तिने हे आवार कापलं होतं. कोणत्या टाकीमागे गवत चरचरीत असतं, कुठे पायाखाली ओल लागते, हे तिला स्वतःच्या घरापेक्षा नीट ठाऊक होतं. तरी तिने तोंडातून ब्र काढला नाही. कारण मशीनवर बसायची नोकरी लागली होती ती तिच्याच जावयाला. लेकीच्या घरातली चूल ज्या नोकरीवर पेटते त्या नोकरीला सासूने नावं ठेवायची म्हणजे काय!

केंद्रावर तिला सगळेच आत्या म्हणत. ती नेमकी कोणाची आत्या हे कोणालाच सांगता आलं नसतं. मुकादमसुद्धा आत्याच म्हणे. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी लोंबत असायची आणि तोंडाने जे काम झालं असतं तेही तो शिट्टीनेच करायचा, म्हणून त्याचं नाव शिट्टी पडलं होतं.

त्या दिवशी दुपारी मोठे साहेब पाहणीला येणार होते. दोन मोठ्या टाक्या आणि मागचं दाट काटेरी कुंपण यांच्यामध्ये जे मैदान आहे, तिथलं गवत मांडीपर्यंत वाढलं होतं. शिट्टीने सकाळीच फर्मावलं, "जेवणाच्या आधी सगळं सपाट पाहिजे. कडेने सुरू करायचं आणि गोल गोल फिरत मध्ये यायचं. मागे घ्यायला नको, वळवायला नको. डोक्याला ताप नाही."

जावई कानांवर ते आवाज अडवणारं जाडजूड झाकण चढवून निघाला. आत्या मागून दाताळं ओढू लागली.

पहिल्या फेरीत तिला एक बेडूक सापडला, कापलेला. चालायचं, ती मनात म्हणाली. विळ्याखालीही कधीतरी बेडूक यायचा. दुसऱ्या फेरीत दाताळ्याच्या दातात काहीतरी हिरवं अडकलं. वेल समजून तिने ते हाताने सोडवायला घेतलं, तर तो गवत्या होता. गवतात राहणारा, गवताच्याच रंगाचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला साप. त्याचे तीन तुकडे झाले होते. चौथ्या फेरीत आणखी एक. सहाव्या फेरीत धामणीची हातभर शेपटी, नुसती शेपटी. बाकीची धामण कुठे होती कोण जाणे.

आत्याने मान वर करून मैदानाकडे पाहिलं. चहूबाजूंनी गवत गेलं होतं आणि मधोमध दोन खोल्यांएवढा तुकडा उभा होता. मशीन त्याच्याभोवती घिरट्या घालत होतं. प्रत्येक फेरीला तुकडा लहान होत होता. वारा पडलेला होता, तरी त्या तुकड्यातले शेंडे हलत होते. एकाच ठिकाणी नाही, चार-पाच ठिकाणी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता हे समजायला काही मोठी अक्कल लागत नाही. साप उघड्यावर येत नाही. वर घार असते, टाकीच्या कठड्यावर कावळे बसलेले असतात, खाली तापलेली जमीन असते. त्याला डोक्यावर पाला लागतो. ऊन कोवळं असेल तर तो गवताच्या कडेला येऊन अंग शेकतो आणि पावलाचा हादरा जाणवला की परत आत शिरतो. ऊन चढलं की झुडपाच्या बुंध्याशी, मुळांच्या गारव्यात जाऊन पडतो. कात टाकायची असेल तर कुंपणाच्या काटेरी फांद्यांमधून अंग घासत निघतो. सव्वीस वर्षांत आत्याने त्या कुंपणावरून किती काती उतरवल्या असतील याची गणती नाही. म्हणजे गवत हेच त्याचं छप्पर, त्याची भिंत, त्याचं दार. आधी कडेचं गवत कापलं की दार बंद झालं. आत राहिलेला साप त्या उघड्या जमिनीवरून पळत नाही. तो आणखी आत सरकतो. मशीन पुढे आलं की आणखी आत. शेवटी सगळे मध्ये येतात आणि मग मशीनही मध्ये येतं.

विळ्याच्या दिवसांत असं होत नसे. चार बाया टाकीच्या भिंतीला पाठ करून ओळीने उभ्या राहायच्या, आपापली पात, म्हणजे कापायचा पट्टा, धरायच्या आणि कुंपणाकडे तोंड करून कापत निघायच्या. आधी काठीने गवत झोडायचं, मग विळा घालायचा. पुढे जे असेल ते सरकत सरकत कुंपणात जाई. हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि यात दयामाया होती असंही नाही. साप पायात येऊ नये म्हणून शोधलेली ती साधी तऱ्हा होती. आणि एवढी साधी तऱ्हा या शहाण्यांना विचारावीशी वाटली नाही!

ती दाताळं उगारून मशीनसमोर जाऊन उभी राहिली.

जावयाने मशीन थांबवलं, कानावरचं झाकण सरकवलं आणि हसून म्हणाला, "चहा आला का, आई?"

"चहा? तुम्ही आज जे चालवलंय ना जावईबापू, त्यावर चहा गोड लागेल तुम्हाला?"

जावयाचं हसू जागच्या जागी विरलं. सासू जावईबापू म्हणाली की काहीतरी बिनसलंय, हे लग्नाच्या सात वर्षांत तो शिकला होता. आवाज चढला तरी 'तुम्ही' सुटत नसे, आणि त्या 'तुम्ही'चाच मार जास्त बसे.

"उतरा खाली. या, बघा तुमची कमाई." तिने त्याला ढिगाशी नेऊन तुकडे दाखवले. "आणि आता तिकडे बघा. शेंडे हलतायत ते दिसतायत?"

त्याने पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. "साप आहेत?"

"नाही, तुमच्या सासरची मंडळी बसलीयत पंगत धरून!"

"पण आई, मला सांगितलं तसं मी केलं. गोल गोल."

"विहिरीभोवती गोल गोल फिरा म्हणाले असते तर?"

एवढ्यात शिट्टी वाजली. मशीन बंद पडलेलं पाहून मुकादम धावत आला होता. "काय झालं? साहेब तीनला येतायत! आत्या, बाजूला व्हा."

"मुकादम, त्या तुकड्यात साप अडकलेत."

हे ऐकल्यावर माणूस थांबेल असं आत्याला वाटलं होतं. शिट्टी थांबला नाही, उलट त्याचा चेहरा उजळला. "मग बरंच झालं की! एकाच जागी सापडले. मी दोघांना काठ्या घेऊन बोलावतो. मशीन शिरलं की बाहेर पडेल तो ठेचायचा. काम फत्ते."

"काय बिघडवलंय रे त्यांनी तुझं?"

"साप आहेत ते, आत्या!"

"मला सांगतोस? तू इथे लागलास तेव्हा गवत्या बघून टाकीच्या शिडीवर चढला होतास. उतरवायला मीच आले होते." जावयाने तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. "पलीकडची झुडपं तूच उपटलीस ना, स्वच्छता म्हणून? त्यानंतर पंपघरात उंदीर शिरले. वायरी कुरतडल्या आणि दोन दिवस सगळं गाव कोरड्या नळाकडे बघत बसलं. धामण जिथे राहते तिथे उंदीर वाढत नाहीत, एवढं तरी कळतं का?"

"विषारी असला तर?"

"असेलही एखादा. म्हणून तर त्याला कुंपणात जाऊ दे म्हणते. तुझ्या काठीने चवताळून कोणाच्या पायाला डसला म्हणजे?"

"मला वेळ नाही," शिट्टी म्हणाला आणि जावयाकडे वळला. "चढ रे मशीनवर."

जावई एकदा सासूकडे पाही, एकदा मुकादमाकडे. आत्याने त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. तिने दाताळं टाकलं, ढिगाजवळची आपली काठी उचलून तुकड्याची कड सावकाश झोडली, गवत दोन्हीकडे सारलं, पायातले रबरी बूट वर ओढले, आपली पाटी उपडी घातली आणि त्यावर बसली. अर्धी गवतात, अर्धी बाहेर.

"आता चालवा मशीन," ती म्हणाली. "गोल गोल."

शिट्टीने शिट्टी वाजवली. मग आणखी एकदा वाजवली.

"वाजव, वाजव. सापाला कान नसतात, आणि मीही आज उसने देणार नाही."

जावयाने बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. पण मशीनच्या आवाजाने त्याला मोठ्याने बोलायची सवय झाली होती, त्यामुळे सगळं सगळ्यांना ऐकू आलं. "अगं, तुझी आई गवतात बसलीय... हो, उन्हात... अगं, साप आहेत म्हणून... नाही, साप आहेत म्हणून पळाली नाही, साप आहेत म्हणून बसलीय! तू समजाव ना तिला." पलीकडून लेक इतक्या जोरात बोलली की त्याने फोन कानापासून लांब धरला. "अहो, तिला आजवर कोणी समजावलंय? ती काय सांगतेय ते करा आणि मोकळे व्हा!"

तो परत आला. "आई, काय करायचं ते सांगा."

"वाट करायची. मी ढीग लावलेत ना, ते गवत उचला. या तुकड्यापासून कुंपणापर्यंत लांबच लांब ओळ घाला, गुडघ्याएवढी उंच. दाबायची नाही, भुसभुशीत राहू द्या. त्याला वर छप्पर आहे असं वाटलं पाहिजे."

"चाळीस पावलं आहेत, आई."

"सकाळपासून तुम्ही किती पावलं फिरलात?"

जावयाने दाताळं उचललं. शिट्टी कपाळावर हात मारत ओरडला, "साफ केलेल्या मैदानात परत कचरा टाकतोयस? तुझं नाव वर कळवीन!" जावयाचे हात क्षणभर थबकले. लेक, नात, लेकीचं घर, सगळं एका क्षणात आत्याच्या डोळ्यांपुढून गेलं. तरी ती उठली नाही. जावई गवत ओढत राहिला. निम्म्या वाटेवर आत्याही जाऊन मिळाली. ऊन डोक्यावर आलं होतं. दोघांचे कपडे पाठीला चिकटले होते.

ओळ कुंपणाला टेकल्यावर आत्या तुकड्याच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि काठीने जमिनीवर हळूहळू ठोके देऊ लागली. घाई केली नाही. चार ठोके, थांबायचं, एक पाऊल पुढे. जावयाला तिने ओळीपासून दहा हात लांब, हूं की चूं न करता उभं केलं होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग ओळीच्या तोंडाशी गवत जरा वर उचललं गेलं आणि खाली बसलं. त्यापुढचं उचललं, बसलं. पांघरुणाखालून कोणी हात सरकवावा तशी ती हालचाल कुंपणाकडे निघाली. साप कुठेच दिसत नव्हता. मध्ये एकदा गवताच्या फटीतून मनगटाएवढं जाड, पिवळसर तपकिरी अंग सरकताना दिसलं, आणि ते संपेचना. जावयाने श्वास रोखून धरला होता.

"केवढी लांब..." तो पुटपुटला.

"आणि तुम्ही तिचे तुकडे करणार होतात," आत्या म्हणाली. तिचा राग अजून तसाच होता.

त्यानंतर दोन बारीक हालचाली गेल्या. आणखी एक अर्ध्या वाटेवर थांबली, ती पुढे हललीच नाही. आत्याने तुकडा पुन्हा झोडून पाहिला. शेंडे आता गप्प होते. मग तिने जावयाला टाकीच्या भिंतीच्या बाजूने, अगदी सावकाश, तो तुकडा कापू दिला. दाताळ्यात या वेळी गवताशिवाय काही आलं नाही.

साहेब तीनला आले. टाक्या पाहिल्या, मैदान पाहिलं आणि मैदानावरून कुंपणापर्यंत गेलेली ती गुडघाभर ओळही पाहिली. "हे काय मध्येच?"

"कचरा आहे, साहेब, आत्ता उचलतो," शिट्टी म्हणाला आणि काठ्या घेऊन उभ्या असलेल्या दोघांना खूण केली.

आत्या ओळीसमोर आडवी उभी राहिली. "साहेब, यात अजून एक जण आहे. ऊन उतरेपर्यंत निघायचा नाही. तोवर याला कोणी हात लावायचा नाही."

"एक जण म्हणजे कोण?"

आत्याने सांगितलं. साहेब तिथल्या तिथे दोन पावलं मागे सरकले आणि शिट्टीला म्हणाले, "अरे, मग उचला ना लवकर!" म्हणजे सकाळपासूनचं सगळं बोलणं पाण्यात. साहेब झाला काय, मुकादम झाला काय, साप म्हटलं की बूड सारखंच हलतं. काठ्या पुढे आल्या.

तेवढ्यात मशीन घरघरलं. जावयाने ते ओळीच्या कडेने लांबवर फिरवून आणलं, ओळ आणि काठीवाले यांच्यामध्ये आडवं उभं केलं, बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

"साहेब, मशीन बंद पडलंय," तो म्हणाला. "गरम झालंय फार. गार होईस्तोवर कोणी जवळ येऊ नका, पातं निसटू शकतं. संध्याकाळपर्यंत तरी हलायचं नाही."

साहेबांनी मशीनकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग पंपघर पाहायचं राहिलंय असं म्हणत ते निघाले. शिट्टी मागोमाग गेला. जाता जाता त्याने वळून जावयाकडे असं पाहिलं की उद्या काय वाढून ठेवलंय ते कोणालाही कळावं. काठीवाले थोडा वेळ रेंगाळले आणि सावली शोधत गेले.

जावई मशीनच्या चाकाला टेकून खाली बसला. आत्या पाटी घेऊन ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"साहेबांपुढे एकदा तोंड उघडलंत," ती म्हणाली, "तेही खोटं बोलायला."

"मग काय खरं बोलायला हवं होतं, आई?"

"की कापायचं कसं ते आपल्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असलेल्या बाईला कोणी विचारलं नाही."

जावयाने मान खाली घातली. म्हणाला, "हे उद्या मुकादमाला सांगतो."

"मुकादमाला नको. मोठ्या साहेबांना सांगा. मी येते बरोबर." आणि तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. ऊन उतरायला अजून दोन तास होते.