अठ्ठ्याऐंशी नंबरची बंद प्रत

“ह्याच्या प्लास्टिकला कुणी नखसुद्धा लावायचं नाही. धूळ पुसायची झाली तर मी पुसेन.”

डॉक्टर ऑरविल ड्रेशर यांनी मला घरी आणलं, त्या दिवशी हे बजावलं होतं. घरात ऐकायला फक्त त्यांची पत्नी लोइस होती. ती म्हणाली, “बरं. जेवायचं ताट तरी मी मांडू ना, की तेही तूच?” पण डॉक्टर हसले नाहीत. तो आवाज अजून माझ्या पानापानांत बसला आहे.

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. निळी कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, पाचशे चाळीस पानं आणि वजन एवढं की मला दोन हातांनीच उचलावं लागतं. पण माझी खरी ओळख निराळीच. छापून झाल्यापासून चौतीस वर्षं मला कुणी वाचलंच नव्हतं.

माझा जन्म अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, एका गावच्या छापखान्यात झाला. आमच्या गावात एके काळी ‘रेनवर्ड’ नावाच्या मोटारी बनत. लांब नाकाच्या, मोठ्या दिव्यांच्या, देखण्या गाड्या होत्या त्या. कारखाना बंद पडला, गाड्या देशभर विखुरल्या. मग एमरी सॅडलर नावाच्या शाळामास्तरांनी एकोणीस वर्षं खपून एकेका गाडीचा माग काढला. कोणती गाडी कुणी घेतली, कोणत्या रंगाची होती, कुठे मोडली, कुठे टिकली. म्हाताऱ्या कामगारांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी हे सारं टिपून घेतलं. त्या कष्टांतून मी झालो. माझ्या तीनशेच प्रती निघाल्या. प्रत्येकीवर मास्तरांनी आपल्या हातानं नंबर घातला. माझा नंबर अठ्ठ्याऐंशी.

बांधणी झाल्यावर एका बाईनं माझ्या चारशे बाराव्या पानाशी तळहाताएवढी एक चिठ्ठी सरकवली. ते शुद्धिपत्र होतं. छपाई उरकल्यावर मास्तरांना एक चूक सापडली होती, आणि तेवढ्यासाठी सगळं पुन्हा छापण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता. चिठ्ठी नुसतीच सरकवलेली होती, चिकटवलेली नव्हती. नंतर माझ्यावर प्लास्टिक चढवलं, गरम वाऱ्याचा झोत सोडला, आणि ते मला चापून बसलं. त्याच हिवाळ्यात मास्तर वारले.

हौशी संग्राहकांची एक रीत असते, मित्रांनो. महागाचा ग्रंथ दोनदा घ्यायचा. एक प्रत वाचायला, एक ठेवायला. बंद प्रतीला मान मोठा. ती उघडली की तिची किंमत निम्म्यावर येते. डॉक्टरांनी वाचायला एकशे एक्केचाळीस नंबरची जुनी प्रत घेतली होती, कुणाच्या तरी पश्चात विकायला निघालेली. तिची पाठ सैल झाली होती, कोपरे दुमडले होते. ठेवायला मी होतो.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. साऱ्या गावाच्या दाढा त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांच्याकडे जुनी मोटार एकही नव्हती, मोटारींच्या इतिहासाचे ग्रंथ मात्र चारशे होते. लोइस पाहुण्यांना सांगायची, “आमच्याकडे चारशे गाड्या आहेत. बाजारात जायला मात्र हीच एक, मागचं दार न लागणारी.” तरी तिनं कधी अडवलं नाही. रोज सकाळी ती ग्रंथांच्याच खोलीत येऊन खिडकीपाशी बसे आणि आपल्या आईच्या बायबलातला एक अध्याय हलक्या आवाजात वाची. ते बायबल पार विरलेलं होतं. त्याच्या पाठीला पट्टी लावलेली, कडा काळ्या पडलेल्या. मी काचेच्या कपाटातून ऐकत असे. सगळे माझ्याकडे बघून म्हणत, ‘वा, काय जपलंय!’ आणि मला त्या विरलेल्या पुस्तकाचा हेवा वाटे. खोटं कशाला सांगू? प्लास्टिक वर्षागणिक आवळत होतं. माझे पुठ्ठे आत वाकू लागले होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सांगायला घेतलं, तिच्याकडे येतो.

लेस्टर स्टौफर नावाचा एक माणूस धान्याच्या कोठारावर कामाला होता. त्याला एका कोंबड्यांच्या खुराड्यात मोडकी रेनवर्ड सापडली. बावीस वर्षं सुट्टीच्या दिवशी राबून त्यानं ती उभी केली. सांगाड्यावर ठोकलेला चेसिस नंबर दोनशे सतरा. सप्टेंबरात आमच्याकडे जुन्या मोटारींचा मेळा भरतो, तिथे ती आणायची म्हणून तो डॉक्टरांकडे खात्री करायला आला. डॉक्टरांनी एकशे एक्केचाळीस उघडली आणि चारशे बारावं पान वाचलं, ‘दोनशे सतरा. एकोणीसशे अडतीस साली गोदामाच्या आगीत नष्ट.’

“पण डॉक्टर, ती माझ्या अंगणात उभी आहे,” लेस्टर म्हणाला.

“मग तिच्यावरचा नंबर कुणीतरी नंतर ठोकलाय, लेस्टर. सॅडलरमास्तर चुकणारे नव्हते.”

लेस्टरनं टोपी घातली आणि तो निघून गेला. कुणीतरी म्हणजे कोण, हे गावानं आपापसांत ठरवून टाकलं. पुढची चौदा वर्षं ती गाडी ताडपत्रीखाली राहिली, आणि लेस्टर मेळ्याकडे फिरकला नाही. मित्रांनो, त्या दिवशी मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. खरं काय ते माझ्या पोटात होतं, आणि वरून प्लास्टिक. ते चौदा सप्टेंबर मी कसे काढले, ते माझं मला माहीत.

लेस्टर वसंतात वारला. मेळ्याच्या आधीच्या गुरुवारी त्याची मुलगी ग्लेंडा डॉक्टरांच्या दारात आली. साठीची, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, खणखणीत आवाजाची बाई.

“डॉक्टर, तुम्ही माझ्या चार दाढा काढल्यात. मी कधी हूं की चूं केलं नाही.”

“तीन,” डॉक्टर म्हणाले. “चौथी तुझी तूच पाडलीस, बसच्या पायरीवर.”

“बरं, तीन. पण बाबांचं चांगलं नाव तुम्ही उपटलंत ना, ते मात्र दुखतंय अजून.” तिनं खुर्ची ओढली. “मेळ्याच्या समितीनं सांगितलंय, शनिवारी दुपारपर्यंत पुरावा आणा. नाही तर गाडी नकली म्हणून अस्सल गाड्यांच्या यादीतून कायमची जाणार. बाबांनी तो नंबर ठोकला नव्हता. ज्या माणसानं दुकानदारानं चुकून जादा दिलेले सुटे पैसे परत द्यायला भर बर्फात मला सोबत नेलं, तो नंबर ठोकेल? ते पान दाखवा मला. एकदा माझ्या डोळ्यांनी बघू दे.”

लोइसनं कॉफी आणि साखर-क्रीमच्या ‘पाय’ नावाच्या गोड पदार्थाचा मोठा तुकडा तिच्यापुढे ठेवला. डॉक्टरांनी एकशे एक्केचाळीस टेबलावर उघडली. ग्लेंडानं ओळ वाचली. तिचा काटा बशीतच राहिला.

लोइस तिच्या खांद्यावरून बघत होती. तिनं पानावर बोट ठेवलं, पण ओळीवर नाही, ओळीच्या बाजूला. “ऑरविल, हा डाग कसला?”

“जुना कागद आहे. पडतात डाग.”

“असे चौकोनी? कडा आखून घेतल्यासारख्या?” ती उठली आणि आपलं बायबल घेऊन आली. त्यात एका पानावर तसाच फिकट तपकिरी चौकोन होता. “इथे माझ्या आईची चिठ्ठी असायची. हलका कागद वर्षानुवर्षं एका जागी राहिला की मागे आपली सावली सोडून जातो. ह्या पानात काहीतरी ठेवलेलं होतं. कधीतरी कुणाच्या हातून पडून गेलं.”

मग तिघांचीही नजर एकदमच माझ्याकडे वळली.

मित्रांनो, ग्रंथाला काळीज नसतं म्हणतात. त्या घटकेला मला होतं.

“लोइस, ती बंद प्रत आहे,” डॉक्टर म्हणाले. “अख्ख्या देशात अशा पाचसहा उरल्या असतील. आणि आत काही नसलं तर?”

“तर निदान वाचता तरी येईल.”

डॉक्टर उठून हात धुवायला गेले. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. ग्लेंडा हळूच म्हणाली, “राहू दे, लोइस. त्यांचाही जीव असतो त्यात.”

“जीव आहे म्हणूनच धुतोय ना तो हात. दवाखान्यातसुद्धा दाढ काढण्याआधी असंच करायचा,” लोइस म्हणाली आणि मग दाराकडे तोंड करून तिनं आवाज दिला. “ऑरविल! चाळीस वर्षं साऱ्या गावाला ‘आ करा’ म्हणालास. आता एकाला म्हणायला एवढा वेळ?”

डॉक्टर परत आले. त्यांच्या हातात दवाखान्यातलं एक बारीक पातं होतं. त्यांचं मन कुठे अडलं होतं, ते मला कळत होतं. माझी किंमत ही एक गोष्ट झाली. दुसरी जड होती. आत चिठ्ठी निघाली, तर चौदा वर्षांपूर्वी आपण एका सरळ माणसाला आपल्या तोंडानं खोटं ठरवलं, हे कबूल करावं लागणार होतं. तरीही त्यांनी मला दोन हातांनी उचलून टेबलावर ठेवलं आणि कडेनं पातं फिरवलं.

प्लास्टिक सुटलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! चौतीस वर्षांनी मला वारा लागला. माझ्या पानांतला शाईचा वास खोलीत पसरला. पाठ कडकडली, पण दुखलं नाही. डॉक्टरांनी चारशे बारावं पान उलटलं.

चिठ्ठी तिथेच होती, कालच ठेवल्यासारखी.

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं, “शुद्धिपत्र. पृष्ठ चारशे बारा. दोनशे सतरासमोरचा आगीचा शेरा अक्षरजुळणीत चुकून वरच्या ओळीला गेला आहे. तो दोनशे अठराचा समजावा. दोनशे सतरा सुस्थितीत असून, शेवटची पाहिली ती पेरू गावाजवळच्या एका शेतावर. चुकीबद्दल क्षमस्व. ए. सॅडलर.”

“पेरूजवळच,” ग्लेंडा म्हणाली. “तिथल्याच खुराड्यात मिळाली होती बाबांना.” मग ती रडू लागली, आणि रडता रडताच तिनं ‘पाय’चा उरलेला तुकडा संपवला. लोइस तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शनिवारी सकाळी डॉक्टर मला घेऊन समितीपुढे उभे राहिले. चिठ्ठी दाखवून झाल्यावर ते म्हणाले, “ओळ चुकली होती छापखान्याची. पण पुढची चौदा वर्षं चुकलो तो मी. एकाच प्रतीवर विसंबलो, आणि दुसरी हाताशी असून उघडली नाही.” अध्यक्षांनी यादीत खूण केली. दुपारी लेस्टरची निळी रेनवर्ड अस्सल गाड्यांच्या रांगेत उभी होती, आणि लोक तिच्या दिव्यांत आपली तोंडं बघत होते.

डॉक्टर ग्लेंडापाशी गेले. “मी काय करू म्हणजे थोडंफार फिटेल?”

“मला काही नको, डॉक्टर. पण आई वृद्धाश्रमात आहे. बाबांबद्दल लोक काय बोलायचे, ते तिनं सगळं ऐकलंय. मी सांगितलं तर म्हणेल, पोरगी माझं मन राखतेय. तुम्ही सांगा.”

“उद्या चर्चहून आलो की जातो. दिला शब्द.”

मित्रांनो, त्या रात्री मला कपाटात ठेवलं नाही. लोइसच्या टेबलावर मी उघडाच होतो, आणि तिनं बोटानं ओळ धरून माझी वीसेक पानं वाचली. एका पानावर कॉफीचा थेंबही पडला. तो मी दागिन्यासारखा मिरवतो. तुमच्या घरी असा कुणी ग्रंथ फार जपून बंद ठेवला असेल, तर हात स्वच्छ धुवा आणि त्याला उघडा. आम्हाला ऊन लावू नका, ओल लागू देऊ नका, पण आम्हाला मुकं ठेवू नका. आमच्या पोटात कुणाचं काय अडकून पडलंय, ते तुम्हाला बाहेरून कळायचं नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर डॉक्टरांनी कोट काढला नाही. लोइसनं विचारलं, “जेवून जातोस?” त्यांनी नकारार्थी मान हलवली. चिठ्ठी चारशे बाराव्या पानाशी नीट बसवली, मला दोन हातांनी उचललं, गाडीत आपल्या शेजारच्या आसनावर ठेवलं आणि पट्टा लावला. मग त्यांनी गाडी वृद्धाश्रमाच्या रस्त्याला वळवली.