बत्तीस आणि सात पासष्ट

नव्व्याण्णवची निवडणूक लागली आणि दरवेळेसारखा हुकूम निघाला, लायसनची हत्यारं ठाण्यात जमा करा. माझे सासरे निजामाच्या काळातले पोलीस पाटील. त्यांचं विलायती पिस्तूल पुढे आमच्या यांच्या, म्हणजे संतरामच्या नावावर झालं होतं. डोंगरकड्याहून आम्ही बाजारालाच निघालो होतो, म्हणून मी आणि लेक सुदामही ठाण्यात गेलो.

नव्या फौजदाराने पिस्तूल उलटसुलट पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. लायसनवर गोळीचं माप बत्तीस बोअर, पिस्तुलावर कोरलेलं सात पासष्ट. वरून अंगावरचा नंबर पुसट. तो मीच घालवला होता. दर खंडेनवमीला विटकरीच्या भुकटीने घासून घासून पिस्तूल पूजेत चकचकीत मांडायचे, दुसरं काय! फौजदार म्हणाला, हे हत्यार बदललेलं आहे, खरं कुठे विकलं ते सांगा, नाहीतर कोठडीत बसा.

हे मात्र शांत होते. यांनी पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढला. आतल्या नळीवर लायसनवरचाच नंबर होता.

"साहेब, गोळी एकच हाय, नावं दोन. इंग्रज इंचात मोजून बत्तीस म्हणतो, बाकीचे गोरे मिलिमीटरात सात पासष्ट."

"दादा, गप ऱ्हावा," सुदामने यांची बाही ओढली. मी त्याच्यावर डोळे वटारले. बापाच्या गळ्याशी आलंय आणि हा शहाणा त्यालाच गप करतोय.

फौजदाराने खणातून एक पुडी काढली. आत उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी होती, जळबाच्या केळीच्या बागेत सापडलेली. जळबा आमच्या भावकीतला. बांधावरून सुदामचं त्याच्याशी वाजलं होतं. नागपंचमीच्या दिवशी दिवेलागणीला कुणीतरी त्याच्या मांडीत गोळी घातली आणि तो अजून नांदेडला दवाखान्यात पडून होता. पुंगळीवर सात पासष्ट लिहिलेलं. तसलं लायसन तालुक्यात कुणाचंच नाही, म्हणून पोलीस चोरट्या हत्याराचा माग काढत होते.

"म्हणजे ही गोळी तुमच्या पिस्तुलात बसते," फौजदार म्हणाला. "पिस्तूल ठेवता त्या कपाटाची चावी कोणाकडे असते?"

यांनी सुदामकडे पाहिलं. पोराचा चेहरा राखेसारखा झाला होता. यांना सगळं कळलं, आणि मलाही.

"माझ्याकडं असती, साहेब," हे म्हणाले.

लग्न झाल्यापासून ती चावी माझ्या कमरेला आहे. नागपंचमीला सुदामने कागद काढायचेत म्हणून मागून घेतली होती. मी वाट पाहिली. आता बोलेल, आता बोलेल. बाप त्याच्यापायी आत चालला होता आणि हा खाली बघत उभा. शिपायाने यांचा दंड धरला, तरी त्याचं तोंड उघडलं नाही. रागाने माझं अंग पेटलं.

मी कमरेची चावी सोडून टेबलावर ठेवली.

"हे खोटं बोलून राहिले, साहेब. चावी माझ्याकडं असती. त्या दिवशी माझ्या लेकानं नेली होती."