उजवा वाजत नाही हो याचा!

मी हेडफोन बोलतोय. स्वस्तातला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी नाक मुरडायला नको. पण पाठ बंद आहे माझी. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. ऑफिसात आणखी काय हवं?

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकान. तिथे एक बाई आल्या. एका विमा कंपनीत त्या गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फोन ऐकून टिपणं काढतात. जुन्या हेडफोनमधून सगळ्या तक्रारी शेजारच्या टेबलापर्यंत जायच्या, म्हणून बंद पाठीचा हवा होता, आणि खिशाला परवडणारा.

त्यांनी एक घालून पाहिला. "उजवा वाजत नाही हो याचा." दुसरा घातला, तेच. मग मी. "हाही तसलाच! काय माल ठेवता तुम्ही?"

दुकानदार कावला. मला स्वतःच्या डोक्यावर चढवून म्हणाला, "ताई, दोन्हीकडे मस्त वाजतोय की!"

बाईंनी मला उलटं घातलं. मग पुन्हा सुलटं. दोन्ही वेळा आवाज डाव्याच कानात. फोन कायम डाव्या कानाला लावायची सवय, आणि जुन्या हेडफोनचा उजवा बिघडलाय असाच समज. उजवा कान कधी गेला, त्यांना पत्ताच नव्हता. "हाच द्या," एवढंच म्हणाल्या.

ऑफिसात त्यांनी कॉम्प्युटरवरचा सगळा आवाज डावीकडे वळवला. माझी उजवी वाटी झाली बिनकामाची. तिथे एक रीत होती: डोक्यावर हेडफोन असेल त्याला हाक मारायची नाही. बाईंना तेच हवं होतं. आत काही वाजत नसलं तरी त्या मला उतरवेनात, डबा खातानासुद्धा! ऐकण्याचं काम करणाऱ्या बाईलाच ऐकू येत नाही हे साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, ही धास्ती.

उजवीकडच्या टेबलावर त्यांची मैत्रीण बसायची. इतकी बडबडी, की सगळे तिला रेडिओ म्हणत. दोघींची पूर्वी केवढी गट्टी! आता ती बोलायची आणि उत्तरच नसायचं. "फार शिष्ट झालीस गं तू," असं एकदा ती म्हणाली. बाईंना तेही ऐकू आलं नाही. मला आलं. फार वाईट वाटलं, पण मी फक्त दुसऱ्यांचे आवाज बोलतो. हळूहळू तिने बोलणंच सोडलं.

मग एक तक्रार दोघींनी तपासायची होती. रेडिओने मला घातलं आणि ओरडली, "अगं, याचा उजवा बंद आहे! आणि तू मुकाट्याने वापरतेयस?"

"असू दे गं."

"असू दे काय? खोक्यावर दुकानाचा पत्ता आहे. मी आणते दुरुस्त करून." रुसली होती, तरी निघालीच मला घेऊन.

दुकानदाराने मला लावून पाहिलं. "ठणठणीत आहे हो. हा नेणाऱ्या ताईही उजवा वाजत नाही म्हणत होत्या. मी घालून दाखवला, तर उलटासुलटा करून पाहिला आणि 'हाच द्या' म्हणाल्या बिचाऱ्या."

रेडिओने मला स्वतः घालून पाहिलं, दोन्हीकडे वाजत होतं, आणि तिला सगळं उमगलं. परतीच्या वाटेवर तिने चारदा डोळे पुसले.

सकाळी तिने आपली खुर्ची फरफटत बाईंच्या डावीकडे आणली.

"इकडे का आलीस?"

"इकडून ऐकू येतं ना तुला?"

बाईंचा चेहरा उतरला. "कुणाला सांगू नकोस गं."

"मी कशाला सांगू? पण आज कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. मी येतेय. नाहीतर हाही कान बडबडून किटवीन तुझा!"

बाई हसायला गेल्या आणि त्यांना रडूच कोसळलं.

उजवा कान परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, डाव्याला जपा, आवाज कमी ठेवा. साहेबांना बाईंनी स्वतःच सांगितलं. "टिपणं चोख येतायत ना? मग झालं तर," ते म्हणाले. एवढ्यासाठी इतके दिवस जीव मुठीत!

माझी डावी गादी आता झिजलीय, उजवी अजून कोरी आहे. माझं एकच मागणं आहे. काम झालं की मला उतरवून ठेवत जा. शेजारी कुणी बोलत असेल. बाई हल्ली उतरवतात मला, आणि खुर्ची डावीकडे वळवून म्हणतात, "हं, बोल."