कथलाची कांडी

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. दोन वर्षं मी ह्या माणसाला जे जे बोलले, ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आमचे हे, विश्वास, कारखान्यातून टेक्निशियन म्हणून रिटायर झाले. आयुष्यभर तारा जोडल्या. बाग सेवनिया वस्तीतल्या आमच्या घराचं वायरिंगसुद्धा स्वतः केलं. दुसऱ्याचं काम ह्यांना पटतच नाही. तोच माणूस नळ सुरू ठेवून फिरायला जायला लागला. एकदा दूध आणायला गेले आणि शेजारच्या गल्लीत उभे राहिले, घर कुठलं ते आठवेना. मी म्हणायचे, "लक्ष कुठे असतं हो तुमचं? डोकंही रिटायर झालं का?" हे नुसते हसायचे. मग एका रविवारी आमच्या शर्वरीला, पोटच्या मुलीला, "आपण कोण?" म्हणाले. तेव्हा माझे टोमणे थांबले.

शर्वरीनं अरेरा कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी रक्त तपासून घेतलं. रिपोर्टवर शिसं भलतंच जास्त. "रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, मग हे येतंय कुठून? घरी कल्हईची भांडी आहेत का?" त्यांनी विचारलं.

होतं ना! आईनं दिलेलं पितळेचं पातेलं. चिंचगुळाची आमटी मला त्यातच करायची असे. स्टीलमधली आमटी म्हणजे नुसता काढा. कल्हईवाला यायचा बंद झाला, तेव्हा मीच ह्यांच्या मागे लागले, "एवढे टेक्निशियन ना तुम्ही? द्या की करून!" ह्यांनी कामाच्या सवयीनं कथलाऐवजी तारा जोडायच्या सोल्डरच्या कांड्या आणल्या. शर्वरी म्हणालीही होती, "बाबा, त्यात शिसं असतं." तर हे म्हणाले, "आयुष्यभर हाताळतोय, काय झालं मला?" नवसागर टाकून, कापसानं फिरवून पातेलं असं लखलखीत केलं, की मी शेजारणींना दाखवत फिरले. बारा वर्षं हे चाललं. रोज दुपारी ह्यांना दोन वाट्या आमटी. मी पित्ताची, चिंच मला सोसत नाही, म्हणून मी आपली ताक-भातावर.

बाई म्हणाल्या, "शिसं शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं. मेंदूतल्या पेशी त्याला आपलं समजून आत घेतात, आणि मग ते आतलं काम बिघडवतं." म्हणजे पाहुणा म्हणून चोराला घरात घ्यायचं! "सगळा विसर त्यामुळेच असं मी म्हणणार नाही, वयही आहे. थोडं परत येईल, थोडं येणार नाही."

पातेलं मी टाकून दिलं. औषधं सुरू झाली. काही महिन्यांनी हे शर्वरीला नावानं हाक मारू लागले. आम्ही दोघी मायलेकी रडलो. पण नवं काही टिकेना. आणि रोज एकच धोशा, "सिंधू, पातेलं आण. कल्हई करायची आहे."

ह्यांना खरं सांगायचं कसं? ह्या माणसाकडे आता उरलंय काय, तर हातातल्या कामाचा अभिमान. त्याच हातांनी हे झालं असं कळलं, तर हे कोसळतील ह्याची मला भीती. मी ठरवलं, मेले तरी सांगणार नाही. जुन्या शहरात चार दुकानं पालथी घातली. "आंटी, अब कलई कौन कराता है?" दुकानदार हसला. पण शुद्ध कथलाची कांडी मिळाली. नवं पितळेचं पातेलंही घेतलं आणि अंगणात शेगडी मांडून दिली.

ह्यांनी कांडी उचलली. तोडायच्या आधी कानाशी धरून हळूच वाकवली. बारीक कुरकुर ऐकू आली.

"ऐकलंस? कथील असंच बोलतं," हे म्हणाले. चेहरा काय खुलला होता! आणि मग हात थांबला.

"माझ्या कांड्या बोलत नव्हत्या, सिंधू."

मी शेगडीतले कोळसे सारखे करू लागले.

"शिसं होतं त्यात. त्यातच आमटी करायचीस ना तू?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. "मीच मागे लागले होते हो," म्हटलं. "चूक माझी."

ह्यांनी कांडी खाली ठेवली. मग मान वर केली. "तू किती खाल्लीस?"

"मला कुठे चिंच सोसते?"

"नक्की?"

"तुमची शपथ."

ह्यांनी मोठा श्वास सोडला. "वाचलीस," म्हणाले आणि शेगडी पेटवायला घेतली.

संध्याकाळपर्यंत हे सगळं विसरले. कांडी, शिसं, सगळं. पण तेवढा एक प्रश्न कुठेतरी आत राहिलाय. जेवताना माझ्या ताटात बघतात आणि विचारतात, "तू ती आमटी खात नव्हतीस ना?" का विचारतोय, हे ह्यांनाही ठाऊक नसतं. दिवसातून चार-चार वेळा विचारतात. माझ्यासारखी कजाग बाई, पण चारही वेळा न चिडता सांगते, "नाही हो, कधीच नाही."

चारही वेळा हे म्हणतात, "बरं झालं."