दिसेनासं होईपर्यंत

मंगोलियातल्या आमच्या गोबी वाळवंटात वसंत म्हणजे डोळ्यांत वाळू. तरी आमचे हे रोज सकाळी उंट शोधायची दुर्बीण घेऊन झऱ्यावर उतरलेले करकोचे बघत बसतात. उंट गेले चुलीत!

आज करकोचे उठले आणि उत्तरेला निघाले. निघालेल्याच्या मागे, तो दिसेनासा होईपर्यंत दूध शिंपडायचं, ही आमची रीत. मी शेळीच्या दुधाची बादली आणि पळी घेऊन तंबूबाहेर आले. शिंपडता शिंपडता थव्याचे ठिपके झाले, मग तेही विरले. मी थांबले.

"अगं, थांबलीस काय? मला अजून दिसतायत."

"दिसणारच, दुर्बीण आहे ना! चहाला थेंब उरायचा नाही."

"मी सांगेन तेव्हा थांब."

आमची लेक त्सोलमोन कोरियात, सोलला कामाला निघाली, तेव्हाही ह्यांचं हेच. तिला उत्तरेला विमानतळाकडे नेणाऱ्या जीपची धूळसुद्धा खाली बसली, तरी "शिंपड, अजून दिसतेय." बादली रिकामी झाली तेव्हा कुठे गप्प बसले. तेव्हापासून पोरगी फोनवरच दिसते.

आज मात्र मी चिडून दुर्बीण हिसकावली आणि डोळ्यांना लावली. आकाश रिकामं होतं. खाली उत्तरेला जाणारी जीपची वाट, तीही रिकामी. हे मान फिरवून उभे होते.

मी दुर्बीण काढली नाही. चाचपडत पळी त्यांच्या हातात दिली.

"शिंपडा," मी म्हटलं, "मला अजून दिसतेय."